मान खाली घालून काढायचा फोटो

"ह्यो पन नको," म्हणून मल्लिनाथअप्पांनी कॅमेरा माझ्याकडं परत सरकवला.

काउंटरवर एव्हाना कॅमेऱ्यांची रांग लागली होती. पट्टे सुटलेले, झाकणं उघडी, सगळ्यांत बॅटऱ्या घातलेल्या. माल असा पसरून ठेवलेला आमच्या शेठना आवडत नाही. ते केबिनच्या काचेतून डोकावून गेले होते. मी सोलापुरात, नव्या पेठेतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात उभं आयुष्य काढलंय. दुकान शेठचं, काउंटर माझा. गिऱ्हाईक आत येऊन पंख्याखाली उभं राहायच्या आत ते काय मागणार, किती डोकं खाणार आणि शेवटी काय घेऊन जाणार हे मला कळतं, असा माझा स्वतःबद्दल समज आहे. या तिघांच्या बाबतीत मात्र काही कळेना.

तिघं म्हणजे अप्पा, त्यांची बायको महादेवीबाई आणि मुलगी भाग्यश्री. सकाळच्या गाडीनं दुधनीहून आले होते. दुधनीत अप्पांचा फोटो स्टुडिओ आहे. त्यांचा जुना कॅमेरा बंद पडला होता आणि नवा घ्यायचा होता तो मुलीसाठी. बी. कॉम. झालेली पोरगी. स्टुडिओत कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायची, प्रिंट काढायची. पण अप्पांनी स्वतःच्या कॅमेऱ्याला तिला कधी हात लावू दिला नव्हता. तिनं जे काही काढलं ते फोनवर.

"पहिला कॅमेरा हाय तिचा," अप्पा आल्या आल्या म्हणाले होते. "एकदाच घ्यायचा. नीट बघून द्या."

पहिला कॅमेरा घेणाऱ्यांचं सगळं मला आता पाठ झालंय. ते व्हिडिओ बघून येतात आणि विचारतात, मेगापिक्सेल किती? मेगापिक्सेल म्हणजे फोटोत ठिपके किती, एवढंच. त्यापेक्षा सेन्सर विचारावा. पूर्वी कॅमेऱ्यात जिथं रीळ असायचं तिथं आता सेन्सर असतो. उजेड त्याच्यावर पडतो. तो मोठा असला की कमी उजेडातही फोटो स्वच्छ येतो. लहान असला की अंधाऱ्या खोलीतल्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. हे मी रोज इतक्यांदा सांगतो की बायको म्हणते झोपेतही सांगतो.

अप्पांना मी आधी लग्नवाल्यांचा कॅमेरा दाखवला. पळत्या नवरदेवालाही धरतो असा. मग व्हिडिओचा. मग सगळ्यात मोठ्या सेन्सरचा, जो बघून तरुण पोरांचे डोळे चमकतात. अप्पा प्रत्येक कॅमेरा हातात घेत, उलटा करून त्याची पाठ बघत, डोळ्याजवळ नेत आणि ठेवून देत. कारण सांगत नव्हते. मी चिडायला लागलो होतो.

"अप्पा, लग्नाला याच्यापेक्षा चांगला मिळणार नाही."

"लग्नं न्हाईत."

"मग बारशी, वाढदिवस?"

"न्हाय."

"हिला रील बनवायचेत का?"

भाग्यश्री हसली नाही.

"मग काढायचं काय आहे ते तरी सांगा," मी म्हणालो. आवाज थोडा चढलाच.

महादेवीबाई इतका वेळ खुर्चीवर मांडीत पिशवी धरून बसल्या होत्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "सांगा की. गप का बसलाव? मेलेल्या मानसांचे काढायचेत म्हनावं."

अक्कलकोट, दुधनीकडं लिंगायत घरांत गेलेल्या माणसाला निजवून ठेवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, भिंतीला टेकवून. कपाळाला विभूती, अंगावर नवं कापड, गळ्यात हार. घरचे दोन्ही बाजूंना बसतात आणि शेवटचा फोटो काढला जातो. मग तोच वर्षानुवर्षं भिंतीवर राहतो. काही म्हाताऱ्या माणसांचा तर जन्मातला तेवढाच एक बरा फोटो असतो. माझ्या घरी तेलुगू बोलतात, वडील मागावर होते, आमच्यात पद्धत वेगळी. पण मित्रांच्या घरी मी हे बघितलेलं होतं. अप्पा आयुष्यभर हे काम करत आलेले. लग्नं नव्या पोरांनी नेली, हे काम मात्र त्यांच्याकडंच राहिलं.

"आता सगळे फोनवरच काढतात ना?" मी विचारलं.

"काढतात की काका," भाग्यश्री म्हणाली. "पण मोठा करायला आमच्याकडंच आणतात. दारं-खिडक्या माणसांनी भरलेल्या असतात, आत उजेड नसतो. फोनच्या काचेवर बरं दिसतं. भिंतीवर लावायला मोठा केला की तोंडच राहत नाही. मग मी बसते दुरुस्त करत. मागं एका आजींचं निम्मं तोंड मी माऊसनं रंगवलं. घरच्यांना कळलं नाही. पाया पडले ते त्या फोटोच्या. मला मात्र माहीत होतं ना, ते तोंड त्यांचं नव्हतं."

ती पुढं म्हणाली, "अप्पांचा हात चालत नाही आता. मला हे काम करायचंय. पण पहिल्याच घरी बिघडलं तर पुन्हा कुणी बोलावणार नाही. आणि तो फोटो परत काढता येत नाही."

हे मला आधी सांगितलं असतं तर निम्मी रांग वाचली असती. सगळं बाजूला सारून नव्यानं सुरुवात केली.

आधी उजेडाचं बघितलं. मग मी हौसेनं एका कॅमेऱ्याचा आवाज बंद करून दाखवला. कॅमेऱ्यात शटर म्हणजे एक पडदा असतो. तो क्षणभर उघडतो, उजेड आत जातो, तो मिटतो. त्याचाच तो खटका. आता बिनआवाजाचं शटर मिळतं. देवळात, भाषणाला फोटो काढणारे मुद्दाम मागून घेतात. मला वाटलं, मयताच्या घरी याच्यासारखी गोष्ट नाही. मी अप्पांचाच एक फोटो काढला.

"काढला का?" अप्पांनी विचारलं.

"काढला. कळलंच नाही ना?"

"तेच तर. कळाय पायजे." अप्पा पहिल्यांदा सविस्तर बोलले. "फोटोच्या वेळंला बाया रडायच्या थांबत्यात. श्वास धरून बसत्यात. खटका झाला की मोकळ्या व्हत्यात. खटकाच न्हाय वाजला तर किती येळ धरून बसायचं त्यांनी?"

मी आवाज चालू केला.

"आनि ह्यात म्हनं हात हलला तरी चालतंय," अप्पा दुसऱ्या कॅमेऱ्याच्या डब्यावर बोट ठेवून म्हणाले. सहज विचारावं तसं विचारलं, पण विचारताना माझ्याकडं बघितलं नाही.

त्याला स्टॅबिलायझेशन म्हणतात. काढणाऱ्याचा हात जिकडं हलतो त्याच्या उलट दिशेला आतला सेन्सर सरकतो आणि फोटो स्थिर राहतो. मी तसं सांगितलं. अप्पांनी कॅमेरा घेतला. कंपवातानं त्यांचा उजवा हात चाळणी चाळल्यासारखा हलत होता. त्यांनी डाव्या हातानं उजवा धरला, समोरच्या कपाटाचा फोटो काढला. स्क्रीनवर मोठा करून बघितला. परत काढला. परत बघितला. मशीन बारीक थरथर सांभाळतं, इतकी नाही. कपाट दोन्ही वेळा वाहून गेलं होतं.

त्यांनी बराच वेळ त्या स्क्रीनकडं बघितलं आणि कॅमेरा मुलीच्या हातात दिला. "धर तू," म्हणाले. मुलीसाठी म्हणून आले असले तरी मनात एक आशा धरून आले होते, हे मला तेव्हा समजलं. मला फार वाईट वाटलं. ते दिसू नये म्हणून मी उगीच एक चांगली बॅटरी काढून दुसरी घालत बसलो.

भाग्यश्रीनं विचारलं, "आणि काका, समोरच्याचा हात हलला तर?"

"त्याला हे काही करत नाही. हे फक्त काढणाऱ्याचा हात सांभाळतं. समोरचं हलणं थांबवायचं तर शटर लवकर मिटलं पाहिजे. पण लवकर मिटलं की उजेड कमी जातो आणि दाणे येतात."

"आमच्या फोटोतलं माणूस हलत नाही," ती म्हणाली.

एवढं सगळं झालं तरी कॅमेरा ठरेना. भाग्यश्रीला मोठ्या सेन्सरचा पसंत होता. तिनं तो डोळ्याला लावला की अप्पांचं तोंड उतरायचं. शेवटी मी सरळ विचारलं, "अप्पा, तुम्हाला यात खुपतंय काय?"

"नेम," ते म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते असं. सुरुवातीला त्यांच्याकडं डब्यासारखा जुना कॅमेरा होता. त्याची बघायची काच वरच्या बाजूला असायची. तो छातीशी धरायचा आणि वरून त्यात बघायचं. "तवा फोटो काढताना मान आपसूक खाली जायची. नमस्कार घातल्यागत. मग ह्ये डोळ्याला लावायचे आले. मेलेल्या मानसाच्या तोंडावर नेम धरल्यागत वाटतंय बघा. लई वर्सं काढले तसलेच. कधी बरं वाटलं न्हाय."

मी इतका वेळ कॅमेऱ्याच्या पोटातलं बोलत होतो आणि ते त्याची पाठ बघत होते.

तसे कॅमेरे आता होत नाहीत. पण पाठीवरची स्क्रीन उचलता येते असे होतात. त्यातही दोन जाती. एकीत स्क्रीन दारासारखी बाजूला उघडते. रीलवाल्यांना तीच लागते, स्वतःचं तोंड बघता येतं. दुसरीत ती जागच्या जागी वर उचलली जाते आणि वरून खाली बघता येतं. मी दोन्ही काढले. दुसरा खालच्या कप्प्यात होता. जरा जुना झालेला, म्हणून मी तो मघापासून दाखवलाच नव्हता.

"बसून काढून बघू द्या की तिला," महादेवीबाई म्हणाल्या.

"समोर कुनाला बसवनार हितं?" अप्पा म्हणाले.

"मी बसते."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, ट्रायपॉडच्या खोक्यांशेजारी भिंतीला टेकून फरशीवर मांडी घातली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

"ऊठ. काय अभद्र करायलीस," अप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

बाईंनी डोळे उघडले नाहीत. "ह्याच फोटूंवर पोरगी शिकली. ह्याच्यावरच घर चाललं. अभद्र कसलं त्यात? काढ गं लवकर, गुडघे दुखायलेत."

शेठ केबिनमधून बाहेर आले होते.

भाग्यश्री आईसमोर मांडी घालून बसली. आधी मोठा कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला. "अव्वा, मला नाही जमत," म्हणाली. मी दुसरा दिला, बाजूला उघडणारा. स्क्रीन डावीकडं आणि आई समोर, त्यामुळं तिची मानही वाकडी आणि फोटोही वाकडा. मग तिसरा. तिनं स्क्रीन वर उचलली, कोपरं मांडीवर टेकवली, कॅमेरा छातीशी धरला आणि मान खाली घातली. तिच्या केसांतला भांग तेवढा मला दिसत होता. खटका झाला.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं, अव्वा."

"आवाज आला. साकु." साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. माझ्या हाताला धरून त्या उठल्या आणि फोटो बघायला मागितला. नीट बघितला. "तोंड बरं आलंय. पदर सरळ पायजे हुता."

"पुसून टाक त्ये," अप्पा म्हणाले. भाग्यश्रीनं त्यांच्यासमोर तो फोटो डिलीट केला. कॅमेरा ठरला होता.

नंतर अधूनमधून तिचे फोन येत. ट्यूबलाइटखाली रंग पिवळट-हिरवे येतात, काय करू? माणसं जास्त आहेत, लेन्समध्ये मावत नाहीत, मागं सरकायला जागा नाही. असलेच प्रश्न. मी सांगायचो. पहिल्या घरी एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, पोरगी काढणार का? अप्पा उंबऱ्यात बसून म्हणाले, "काढू द्या. बिघडलं तर मला बोला." बिघडलं नाही. मग मैंदर्गीपर्यंतची बोलावणी यायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "काका, अव्वा गेली." हृदयाचं होतं म्हणे. कुणाला काही कळायच्या आत गेल्या.

मी शेठना सांगून निघालो. निघताना बॅगेत दुकानातला एक कॅमेरा टाकला. स्वतःच्या आईचा फोटो पोरगी कशी काढणार, आणि हे काम करणारं दुधनीत दुसरं आहे कोण, असा विचार केला. पोचलो तर भाग्यश्री दारातच होती. तिनं माझ्या खांद्यावरची बॅग बघितली आणि म्हणाली, "तो बाहेर काढू नका, काका."

महादेवीबाईंना बसवलेलं होतं. तशाच भिंतीला टेकून, मांडी घालून. विभूतीचे पट्टे, हिरवं लुगडं, हार. मला दुकानातल्या फरशीवर बसलेल्या त्या दिसायला लागल्या आणि मी दाराशीच थांबलो.

अप्पा मुलीच्या मागं उभे होते. आयुष्यभर अशा खोलीत त्यांची जागा तीच होती, कॅमेऱ्याच्या बाजूची. कुणीतरी म्हणालं, "अप्पा, तुमी तिकडं बसा." त्यांना कळलंच नाही. परत सांगितल्यावर ते गेले आणि बायकोच्या शेजारी बसले. हात कुठं ठेवावा ते त्यांना सुचेना. शेवटी गुडघ्यावर ठेवला. तो हलत होता.

भाग्यश्री पुढं झाली, आईचा पदर सरळ केला. मग मागं येऊन मांडी घातली, स्क्रीन उचलली, मान खाली घातली. रडणं थांबलं. कुणीतरी पंखा बंद केला. त्या शांततेत अप्पांचा हात धोतरावर घासल्याचा बारीक आवाज येत होता.

"हात हलायलाय," अप्पा म्हणाले. "दाबून धरू का?"

"नको, अप्पा," ती मान वर न करता म्हणाली. तिचं बोट कॅमेऱ्यावरच्या शटरचा वेग बदलायच्या चाकावर गेलं, थांबलं आणि परत आलं. खटका झाला. सगळ्यांत आधी अप्पा रडले.

काही दिवसांनी तो फोटो मोठा करायला ती सोलापूरला आली. आमच्या मॉनिटरवर आम्ही तो उघडला. इतकी वर्षं मी लोकांचे फोटो बघतोय, चुका आधी दिसतात. यात काही सापडेना. विभूतीची रेघ न् रेघ, पदराचा काठ, मागच्या भिंतीचे पोपडे, सगळं जिथल्या तिथं. फक्त अप्पांचा उजवा हात नव्हता. त्या जागी धुरकट काहीतरी होतं.

मला राहवलं नाही. "शटर जरा लवकर मिटवलं असतंस तर थांबला असता हात. थोडे दाणे आले असते, चाललं असतं."

"माहीत होतं काका. चाकावर बोट ठेवलं होतं मी."

"मग?"

"अव्वा रोज सकाळी त्या हाताला जमायची नाहीत ती शर्टाची बटणं लावून द्यायची. चहाची बशी धरायची त्याच्याखाली. तिनं तो हलतानाच बघितलाय. थांबवलेला हात तिच्या शेजारी मला ठेवायचा नव्हता."

मी फोटो तसाच ठेवला. प्रिंटला पाठवला. पाठवताना धुरकट भागाला हात लावू नका असं लॅबवाल्याला दोनदा सांगितलं, कारण ते लोक न विचारता दुरुस्त्या करतात.

आता पहिला कॅमेरा घ्यायला कोणी आलं की मी मेगापिक्सेलच्या आधी विचारतो, काढणार काय, आणि काढताना तुम्ही कुठं बसलेले असणार? लोकांना प्रश्न विचित्र वाटतो. शेठनाही वाटतो. आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ना, हात हलला तरी फोटो हलणार नाही, ते वाचून दाखवताना कोणाचा हात ते मी आधी सांगतो.